उरलेलं घाटाचं

करूळ घाट चढून पद्मजा चौगुलेची लाल गाडी गगनबावड्याच्या कमानीखालून सुटली आणि हलगीवाल्यांच्या हातांत वारं शिरलं. गुलाल उडाला. "नाद करायचा नाय!" अशी आरोळी उठली ती थेट गडापर्यंत गेली असेल. शेवटच्या वळणावर पद्मजानं तिसऱ्यावरून दुसरा गिअर असा काही टाकला होता, की भिंतीवर बसलेली पोरंटोरं उभी राहिली. सलग तिसऱ्या वर्षी चांदीची गदा तिची. कोल्हापूरचं सगळंच निराळं. कुस्तीतली गदा मोटारींच्या शर्यतीत कुणी आणली कुणास ठाऊक, पण आणली आणि लोकांना ती पटलीही.

गंमत एवढीच, की त्या लाल गाडीत गिअर नव्हतेच.

दांडा होता. क्लच होता. पण त्यांच्याखाली काही नव्हतं. कुणाच्याच गाडीत नव्हतं. हे कसं झालं ते सांगायचं तर जरा मागं जायला हवं. एके काळी सगळ्या गाड्या क्लच आणि गिअरच्या होत्या. मग ऑटोमॅटिक आल्या, डावा पाय रिकामा झाला आणि घरोघरी वाद पेटले. एक म्हणायचा, गिअरशिवाय गाडी चालवणं म्हणजे झुणक्याशिवाय भाकरी. दुसरा म्हणायचा, बाबा रे, क्लच दाबून दाबून माझा गुडघा गेला, तुझी भाकरी तुला लखलाभ. हा वाद मिटायच्या आत आपोआप चालणाऱ्या गाड्या आल्या. माणूस मागं बसून शेंगा सोलू लागला. अपघात थांबले आणि माणसं कंटाळून गेली.

तेव्हा पट्टा निघाला. त्याचं खरं नाव साथपट्टा. एक मनगटाला, एक पोटरीला बांधायचा. आपला पाय हलायच्या आधी त्याच्या स्नायूत बारीकशी वीज खेळते. पट्टा ती वाचतो, माणसाच्या मनात काय आहे ते ओळखतो आणि गाडीला सांगतो. गाडी तेच करते, फक्त बिनचूक. वर तळपायाला क्लचचं वजन, तळहाताला दांड्याचा खटका आणि कानाला इंजिनाचा घोगरा आवाज परत देते. ऑटोमॅटिकचा आराम आणि गिअरची मजा दोन्ही एकदम मिळाल्यावर भांडायला उरलं काय? सगळं जग झोकात गाडी चालवू लागलं. पुढं हाच पट्टा शिवणाऱ्यांच्या, रांगोळी काढणाऱ्यांच्या, वाद्यं वाजवणाऱ्यांच्या हातीही चढला. तिथं तो बोटांनाच हळूच वळण देई.

त्या दिवशी एकाच माणसानं टाळी वाजवली नाही. पद्मजाचे वडील, आबा चौगुले. आबांनी तरुणपणी याच घाटात वडाप केलं होतं. वडाप म्हणजे जीपमध्ये माणसं कोंबून भाड्यानं नेणं. गदा घेऊन लेक समोर आली तेव्हा आबा म्हणाले, "गाडी चांगली आली."

"आणि मी?" पद्मजानं विचारलं.

"तू बी आलीस की तिच्यासंगं."

तीन वर्षं हेच. बाहेर सगळा जिल्हा डोक्यावर घेऊन नाचायचा आणि घरी हा म्हातारा तोंडात मारल्यासारखं बोलायचा. पद्मजा चाळिशीची, दोन पोरांची आई, पण बापाच्या तोंडून एकदा "चालवलीस" एवढा शब्द ऐकायला तिचा जीव तळमळत असे.

आठवड्याभरात पुण्याहून डॉ. वृंदा आगाशे आल्या. साठीच्या, बारीक चणीच्या, मेंदूवर आयुष्यभर काम केलेल्या. ज्या गटानं पट्टा तयार केला त्यात त्या अगदी सुरुवातीपासून होत्या. विजेत्या चालकाचा मेंदू त्यांना बघायचा होता. त्यांनी पद्मजाच्या डोक्यावर तारांची जाळीदार टोपी चढवली, तिला लाल गाडीतून पन्हाळ्यापर्यंत फिरवून आणलं आणि मग सोप्यात चहा घेत बोलायला बसल्या.

"पद्मजाताई, स्वतःला गुदगुल्या करून बघा."

पद्मजानं स्वतःच्या बगलेत बोटं खुपसली. "होत नाहीत की ओ."

"का होत नाहीत?"

"का म्हंजे? आपलाच हात."

"पण मेंदूला कसं कळतं, हात आपलाच म्हणून?" आगाशेबाईंनी कप खाली ठेवला. "मेंदू हाताला हुकूम सोडतो तेव्हा त्याची एक नक्कल स्वतःजवळ ठेवतो. तिला आम्ही पूर्वप्रत म्हणतो. पुढं जे घडतं ते या पूर्वप्रतीशी ताडून बघतो. जुळलं तर म्हणतो, हे मी केलं. नाही जुळलं तर म्हणतो, हे दुसऱ्या कुणीतरी केलं. ही जुळणी मोजता येते. त्या आकड्याला आम्ही कर्तेपण म्हणतो. शंभर म्हणजे तंतोतंत."

"मग माझा किती आला?"

"सत्त्याण्णव. इतका मी कुणाचाच पाहिला नाही."

पद्मजाच्या अंगावर मूठभर मांस चढलं. "ऐकलंसा काय आबा? सत्त्याण्णव!"

आबा दारात बसून तंबाखू मळत होते. मान वर न करता म्हणाले, "पट्टा काढून किती, ते विचार."

पद्मजानं एकदा आगाशेबाईंकडं पाहिलं, एकदा आबांकडं. मग सरळच विचारलं, "मॅडम, त्या शेवटच्या वळणावर दुसरा गिअर मी टाकला. बरोबर?"

"टाकायचं तुम्ही ठरवलंत." बाई जरा अडखळल्या. "खरं सांगू? थोडं उशिरा ठरवलंत. पट्ट्यानं तो वेळेवर टाकला."

"आणि मला कळलं कसं न्हाई?"

"कळू नये म्हणूनच तर पट्टा आहे. जे घडलं ते तुमच्या पूर्वप्रतीशी जुळवून तुम्हाला परत दिलं, की मेंदूची तक्रारच नाही."

"मग गदा कुणाची?"

भिंतीवर तिन्ही गदा टांगलेल्या होत्या. त्यांच्याकडं बघायचं बाईंनी टाळलं. त्यांची बोटं टेबलाच्या कडेवर सूर धरल्यासारखी हलत होती. "हे बघा, माझी बोटं थरथरतात. म्हणून मीही मनगटाला पट्टा बांधते आणि दर शनिवारी आमच्या बैठकीत पेटी वाजवते. पण वाजवते मीच ना? तसंच तुमचं. मनाला लावून घेऊ नका."

पद्मजानं मनाला लावून घेतलं. रात्री जेवण गेलं नाही. पुढच्या रविवारी तालमीत तिचा सत्कार होता. फेटा बांधून झाला, नारळ देऊन झाला आणि माईक हातात आल्यावर ही बाई सगळ्यांसमोर म्हणाली, "पुढच्या वर्षी करूळ घाट बिनपट्ट्याचा चढतो. आबांच्या जीपमधनं. वरपर्यंत न्हाई पोचलो, तर तिन्ही गदा परत आणून ठेवतो."

कोल्हापूरकडच्या बायका स्वतःबद्दल 'चढतो', 'पोचलो' असंच बोलतात, त्यात नवल नव्हतं. नवल बाकीच्याचं होतं. आबांच्या हातातला पेढा तोंडाशी जाता जाता थांबला.

गोठ्यातली जीप बाहेर निघाली. कोंबड्या हुसकाव्या लागल्या. डिझेल औषधासारखं परवान्यावर मिळायचं, ते मिळवलं. पट्टा नाही, पडदा नाही. तीन पेडल, एक दांडा आणि आबांचं तोंड.

पहिल्या दिवशी जीप अंगणातून फाटकापर्यंतही गेली नाही. एक हिसका, दुसरा हिसका आणि इंजिन बंद. शेजारची माणसं कुंपणाला रेलून हसत होती. पद्मजाला हसण्याचं काही वाटलं नाही. तिला दुसऱ्याच गोष्टीची भीती वाटली.

"आबा, पाय माझा वाटत न्हाई ओ. कुणीतरी दुसराच दाबतोय असं वाटतंय."

तिनं पुण्याला फोन लावला. आगाशेबाईंना आश्चर्य वाटलं नाही. "तुमच्या मेंदूला इतकी वर्षं तंतोतंत जुळणीची सवय. आता तुमचा पाय स्वतःच्या हिमतीवर हलतो, थोडा चुकतो, पूर्वप्रतीशी जुळत नाही. मेंदू म्हणतो, हा पाय परका. होतं असं. पट्टा काढून दार लावलं तर आपण लावलं की नाही, हेसुद्धा काही जणांना सांगता येत नाही. आम्ही तो वेंधळेपणा म्हणून सोडून दिला."

"सोडून दिला?"

"गिऱ्हाइकांची तक्रार नव्हती," बाई म्हणाल्या.

आबांना या मेंदूबिंदूच्या गोष्टींत रस नव्हता. ते शेजारच्या सीटवर बसून ओरडत. "क्लच दाबायला कुणालाबी येतंय, सोडायला शिक! हळू... हळू... बॉनेट बघ, नाक उचलतंय का? हां, तिथं थांब! आता सोड. आगं सोड म्हंटलं, फेकून दे न्हाई म्हंटलं!"

आणि आणखी एक गोष्ट त्यांनी शिकवली. जीपच्या मागच्या बाकाखाली एक त्रिकोणी काळा दगड असे. घाटात चढावर गाडी बंद पडली, की शेवटच्या बाकावरच्या माणसानं उतरून तो मागच्या चाकाला लावायचा. हँडब्रेकवर घाटात कुणाचाच विश्वास नसे. गाडी निघाली, की दगड उचलायचा आणि पळत येऊन बसायचं. गाडी थांबणार नाही; थांबली तर पुन्हा तेच रडगाणं.

"आणि दगड तिथंच टाकून आला तर?" पद्मजानं विचारलं.

"मागनं येणाऱ्याचा जीव जाईल. तसल्या माणसाला घाटात परत कुणी गाडीत घेत नव्हतं."

पावसाळा सरला, दिवाळी गेली. हळूहळू पाय परका वाटेनासा झाला. एका सकाळी बाजारातून येताना तिनं तिसरा गिअर टाकला आणि घरी आल्यावर तिला आठवलं, की आपण मघाशी तिसरा गिअर टाकला, स्वतः, आणि तेव्हा त्याचा विचारही केला नाही. ती स्वयंपाकघरात उभी राहून मोठ्यानं हसली. पोरांना वाटलं, आईला काय झालं.

शर्यतीचा दिवस उजाडला. पंचांनी आधीच सांगितलं होतं, की पट्टा नसलेली गाडी शर्यतीत धरणार नाही. सगळे वर गेल्यावर रस्ता मोकळा करून देऊ, मागं रुग्णवाहिका ठेवू. मोजमापासाठी आगाशेबाई आल्या होत्या; पद्मजाच्या डोक्यावर त्यांनी पुन्हा तारांची टोपी चढवली. या बिनपट्ट्याच्या मोजणीत कुठल्याच पट्ट्याचा प्रवाह मिसळू नये म्हणून त्यांनी आपल्या मनगटाचा पट्टा सोडून पर्समध्ये टाकला आणि त्या मागच्या बाकावर चढल्या.

"बाई, तुम्ही शेवटच्या बाकावर," आबांनी त्यांना दगड दाखवला. "नियम ठाऊक हाय न्हवं?"

"अहो, मी शास्त्रज्ञ आहे!"

"असू दे की. दगडाला काय कळतंय?"

आबा वर कमानीपाशी जाऊन थांबले आणि जीप निघाली. दुसऱ्या गिअरवर खालची वळणं गेली. उजवीकडं दरी, डावीकडं ओला कातळ, मध्ये कण्हत चढणारं जुनं इंजिन. भिंतीवर बसलेली माणसं आधी हसत होती. गिअर बदलताना 'खर्रर्र' आवाज झाला की टाळ्या पिटत होती. पद्मजाला त्यांचं हसू ऐकूच येत नव्हतं. इंजिनाचा आवाज कुठं जड होतो, स्टिअरिंग कुठं थरथरतं, एवढंच तिच्या कानाला नि हाताला कळत होतं. वळणं तीच, जिथून ती तीनदा पहिली आली होती. पण प्रत्येक वळण नवीन माणसासारखं समोर येत होतं. हे काय करील याचा पत्ता लागत नव्हता. तिला भीती वाटत होती आणि त्या भीतीसकट तिला भयंकर मजा येत होती.

आणि मग ते शेवटचं वळण आलं. पहिला गिअर टाकायला हवा होता. तिनं ठरवलंही. पण थोडं उशिरा.

इंजिन दोन आचके देऊन बंद पडलं. जीप क्षणभर थांबली आणि मागं घसरू लागली. ब्रेकवर दोन्ही पाय देऊन पद्मजा उभीच राहिली. ओल्या रस्त्यावर चाकं जाम झाली, तरी जीप सरकतच होती. भिंतीवरचं हसू बंद झालं.

"मॅडम, दगड!"

आगाशेबाईंनी आयुष्यात कधी एवढ्या चपळाईनं उडी मारली नसेल. दोन्ही हातांनी दगड ओढून त्यांनी चाकाखाली ढकलला. बोट चेंगरलं, त्या ओरडल्या, पण जीप थांबली. चार पावलांवर कठडा होता.

"लावला!" बाई किंचाळल्या.

पद्मजाच्या डोळ्यांपुढं तिन्ही गदा येऊन गेल्या. उतरलं, रुग्णवाहिकेत बसलं, की झालं. कुणी नावं ठेवली नसती. तिनं घाम पुसला. किल्ली फिरवली. इंजिन खोकललं, लागलं. क्लच दाबून पहिला गिअर. आता सोड. हळू. हळू. फेकून देऊ नकोस. बॉनेटनं नाक उचललं. तिथं थांब. डाव्या पायाच्या तळव्यात सगळी जीप येऊन बसली होती. अजून सोडला तर बंद, दाबला तर दरी. तिनं ब्रेकवरचा पाय काढला. जीप मागं सरकली नाही. थरथरली, आणि पुढं निघाली!

"मॅडम, दगड उचला! आणि पळा!"

मग गगनबावड्याच्या रस्त्यावर लोकांनी जे पाहिलं ते अजून सांगतात. पुढं कण्हत चाललेली जीप, आणि मागं पांढऱ्या केसांच्या, चष्मा लावलेल्या एक डॉक्टर, पोटाशी दगड धरून धावताहेत. "पळा मॅडम, पळा!" भिंतीवरची माणसं घसा फोडून ओरडत होती. बाईंनी मागची दांडी पकडली, कुणीतरी खालून रेटा दिला आणि त्या दगडासकट बाकावर येऊन पडल्या. तेवढ्यात पद्मजानं पहिल्यावरून दुसरा टाकला. वेळेवर. आवाजसुद्धा झाला नाही.

कमानीखालून जीप गेली तेव्हा तिचा वेग सायकलपेक्षा थोडा जास्त असेल. हलगी कुणी वाजवली नाही, कारण हलगीवाले हलग्या टाकून जीपमागं धावत होते. पद्मजानं गाडी बंद केली. हात स्टिअरिंगवरून सुटेनात. आबा काठी टेकत आले, जीपच्या बॉनेटवर हात ठेवला आणि मग तिच्या डोक्यावर.

"चालवलीस गं, पद्मे," ते म्हणाले.

चाळीस वर्षांची वाघीण लहान पोरीसारखी रडली. आणि तिन्ही गदा आता कुठल्या भिंतीवर टांगायच्या, याबद्दल कुणाच्या मनात शंका उरली नाही.

गर्दी ओसरल्यावर दोघी कठड्यापाशी चहा घेत बसल्या. आबा जीपला पाणी पाजत होते. खाली कोकण उन्हात पसरलं होतं. आगाशेबाईंच्या बोटाला चिंधी बांधलेली होती आणि चेहरा जरा पडलेला होता.

"आकडा आला," त्या म्हणाल्या. "सांगू की नको?"

"सांगा की."

"एक्केचाळीस." बाईंनी मान हलवली. "मला वाटलं होतं, स्वतः चालवल्यावर वाढेल. उलटंच झालं. पट्ट्याच्या गाडीत सत्त्याण्णव आणि खऱ्या गाडीत एक्केचाळीस. म्हणजे नकली गाडीत माणसाला जास्त वाटतं, की हे मी केलं. मग खरी कोण चालवेल हो?"

पद्मजा हसली, मनापासून. "उरलेलं घाटाचं, मॅडम."

"म्हणजे?"

"एक्केचाळीस माझं. उरलेलं घाटाचं, जीपचं, तुमच्या दगडाचं. त्या सत्त्याण्णवात मी एकटाच होतो की ओ. दुसऱ्या कुणाला जागाच नव्हती. मजा कशी येणार?"

बाईंनी रुमालासाठी पर्स उघडली. घाटातून शर्यतीच्या गाड्या परत निघाल्या होत्या, वळणावळणांवर एकाहून एक सुरेख गिअर बदलत. त्यांचा घोगरा आवाज वरपर्यंत येत होता.

"शनिवारी बैठक आहे," आगाशेबाई म्हणाल्या. "पट्टा न बांधता पेटी वाजवून बघावी म्हणते."

"वाजवा की!"

"आणि वाजलीच नाही तर?"

"तर दगड लावायला मी येतो."

दोघी खदखदून हसल्या. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. रिकामा ग्लास घ्यायला पद्मजानं हात पुढं केला आणि तिचं हसू तिथंच थांबलं.

"मॅडम, हा कधी बांधलासा?"

आगाशेबाईंनी खाली पाहिलं. मांडीवर पर्स उघडी होती. पट्टा त्यांच्या मनगटावर होता, रोजच्या भोकात, नीट आवळलेला. त्या त्याच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांनी मागं वळून पाहिलं, पण आबा लांब जीपपाशी होते आणि आसपास दुसरं कुणी नव्हतं.

"हा मी नाही बांधला," त्या म्हणाल्या, आणि त्या खोटं बोलत नव्हत्या.